धरून ठेवलेली जागा

आमच्या घरात जेवणाची पिशवी कधीही हरवलेली नाही. गाडीची किल्ली दर महिन्याला हरवते, चष्मे हरवतात, एकदा डॅलसच्या विमानतळावर नवरासुद्धा पाऊण तास हरवला होता, पण डब्याची पिशवी नाही. म्हणून त्या दिवशी मी कागदपत्रांचं फोल्डर डब्याच्या पिशवीत ठेवलं. पर्स कुणी हिसकावू शकतो, पाठीवरच्या सॅकची चेन उघडू शकतो, पण लसणाच्या चटणीचा वास मारणारी, नागपूरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी कोण नेणार? या युक्तीचा मला अभिमानच वाटला होता. मी पुण्याची असल्यामुळे मला स्वतःच्या हुशारीचं फार लवकर कौतुक वाटतं, असं सासूबाई म्हणतात. त्या नागपूरच्या आहेत.

आम्ही तिघी टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोहून फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनला गेलो होतो. मी, सासूबाई आणि माझी पंधरा वर्षांची लेक. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे जुनं बंदर. लेक शाळेत स्पॅनिश शिकते, आणि तिच्या बाईंनी स्पॅनिश वसाहतीतल्या एखाद्या जागेवर फोटो काढून निबंध लिहायला सांगितला होता. बाकीच्या मुलांनी ते घरी बसून इंटरनेटवरून उरकलं असतं. आमच्या मुलीला प्रत्यक्ष जायचं होतं. नवऱ्याला रजा मिळाली नाही, तेव्हा त्यानं सोबत यायच्या ऐवजी दर तासाला फोन करायचं ठरवलं.

माझ्या व्हिसाची मुदत डिसेंबरात संपली होती. वाढवून मिळावी म्हणून अर्ज वेळेत गेला होता, तो पोचल्याची पावती आली होती, मंजुरी मात्र यायची होती. कायद्यानं मी इथे राहू शकत होते, नोकरी करू शकत होते. वकिलानं तसं लिहूनही दिलं होतं. पण व्हिसाबरोबर माझं ड्रायव्हिंग लायसन्सही संपलं होतं, त्यामुळे कुणी ओळख मागितली तर दाखवायला उरलं होतं ते एवढंच: जुना व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट आणि त्या पावतीचा कागद. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाला तरी कुठेतरी थांबवल्याची बातमी यायची. खरी किती आणि ऐकीव किती, देव जाणे. मी सगळ्या वाचायचे. फोनमध्ये कागदांचे फोटो होते, पण नवऱ्याचं म्हणणं होतं की फोटो कुणी मानत नाही, ओरिजिनल जवळ ठेव. तसं ते फोल्डर तयार झालं. त्यात माझा पासपोर्ट, पावती आणि सासूबाईंचा पासपोर्ट होता. लेकीचं त्यात काही नव्हतं. ती इथेच जन्मली आहे.

मग गेलीस कशाला, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला रोज विचारत होते. पण माझ्या कागदांपायी तीन वर्षं तिला भारतात नेता आलं नव्हतं, कारण मी बाहेर पडले तर परत आत येता येईल याची खात्री नव्हती. ती कधी कुरकुरली नाही. फ्लोरिडाचं विचारताना मात्र म्हणाली, "हे तरी देशाच्या आतच आहे ना, मम्मा?" मी त्याच रात्री तिकिटं काढली.

विमानतळावरच्या तपासणीत डबा उघडायला लावला. तीन पुडांचा स्टीलचा डबा, वरून पंचा बांधलेला. एका पुडात दशम्या, एकात चटणी, एकात तिळाच्या वड्या. तपासणाऱ्या माणसानं चटणीवर कागदाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली, तेव्हा सासूबाईंनी त्याला मराठीत सांगितलं की तिखट आहे, नाकाजवळ नेऊ नको. लेक हसली. मी मात्र त्या यंत्राचा दिवा हिरवा होईपर्यंत त्याच्याकडेच बघत उभी होते. आता ते आठवलं की वाटतं, शहाण्या बाईला एवढी सूचना पुरे झाली असती.

इथे सासूबाईंची एक सवय सांगायला हवी. त्या कुठेही गेल्या की आधी जागा धरतात. प्लेनोला गणपतीच्या कार्यक्रमात त्या अर्धा तास आधी जाऊन सहा खुर्च्यांवर शाल, पर्स, चष्म्याचं घर, प्रसादाचा द्रोण असं काही ना काही ठेवतात. लोक हसतात, पण त्या खुर्च्यांवर कुणी बसत नाही. मला मात्र हसायचा अधिकार नाही, कारण मी स्वतः लहानपणी धरलेल्या जागेचं सामान होते. स्वारगेटला एसटी लागली की वडील मला उचलून खिडकीतून आत ढकलायचे. मी आठ वर्षांची. तिघांच्या बाकावर पाय फाकून बसायचं आणि आई-वडील दारातून आत येईपर्यंत कुणाला बसू द्यायचं नाही, हे माझं काम. मोठी माणसं ओरडायची, ए पोरी, सरक. मला एकच भीती असायची, की ते चढायच्या आत गाडी सुटली तर? गाडी कधी सुटली नाही. वडील घामाघूम होऊन यायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवून शाब्बास म्हणायचे, आणि मी रडत नव्हते असं दाखवायचे.

जॅक्सनव्हिलला उतरून आम्ही टॅक्सीनं सेंट ऑगस्टिनला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. मोटेलची खोली तीनला मिळणार होती, म्हणून बॅगा तिथल्या काउंटरवर ठेवल्या आणि पिशवी घेऊन चौकाकडे चालत निघालो.

चौक म्हणजे एक लांबट हिरवी बाग आहे. एका टोकाला जुनी सरकारी इमारत, दुसऱ्या टोकाला खाडी आणि दारात दगडी सिंह असलेला पूल. एका बाजूला मोठं चर्च. मध्ये पांढरट दगडाचा एक उंच स्तंभ, हात कापून टाकलेल्या दीपमाळेसारखा. ओकच्या फांद्यांवरून राखाडी झुपके लोंबत होते. सासूबाईंनी त्यांना जटा म्हटलं आणि नमस्कार केला. सुट्ट्यांचे दिवस होते, माणसं भरपूर होती. खाडीच्या बाजूला चारी अंगांनी उघडा, खांबांवर उभा असलेला बाजाराचा मांडव आहे. लेकीनं सांगितलं की एके काळी इथे माणसंसुद्धा विकली जायची. सासूबाईंनी मांडवाकडे पाहिलं, मग आत बाकावर बसून आईस्क्रीम खाणाऱ्या पोरांकडे पाहिलं, आणि विचारलं की या लेकरांना हे माहीत आहे का. लेक म्हणाली, पाटी लावली आहे. सावली तेवढी तिथेच होती, म्हणून आम्हीही आत जाऊन बसलो.

मी बसले खरी, पण माझं लक्ष पूर्ण चौकभर होतं. कोपऱ्यावर पोलिसांची एक गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. कुणी नसलेल्या गाडीला घाबरण्यासारखं काय आहे? पण मी दोनदा जागा बदलली, एकदा खांबाआड जाईपर्यंत. तेवढ्यात नवऱ्याचा अकराचा फोन साडेअकराला आला. मी बोलत बोलत उन्हात गेले. ओरिजिनल जवळ आहेत ना, असं त्यानं विचारलं. आहेत म्हणाले. लेक पलीकडून हात करत होती, चर्च आता बघू, नंतर आत काहीतरी कार्यक्रम आहे. सासूबाई माझ्या मागून येताना दिसल्या. त्यांच्या हातावर शाल होती. शालीखाली पिशवी आहे असं मी धरून चालले.

चर्चमध्ये गार होतं. सासूबाईंनी चपला कुठे काढायच्या ते शोधलं, मग मी खुणेनं नको म्हटलं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. त्यांनी शाल उलगडून अंगावर घेतली. दोन्ही हात मोकळे.

"आई, पिशवी?" मी विचारलं.

"तिकडे आहे ना. जागा धरून ठेवली. सावलीची जागा, कोणी बसून जाईल म्हणून."

मी उठले कशी आणि दारापर्यंत पोचले कशी मला आठवत नाही. मागून त्या हलक्या आवाजात विचारत होत्या, काहून धावून राहिली, कोण नेते ती पिशवी. तेच, माझंच म्हणणं. कुणी नेली नव्हती. दारातून दिसलं की मांडव रिकामा झाला आहे. आईस्क्रीमवाली पोरं, टोपी घातलेली म्हातारी माणसं, सगळी स्तंभाच्या बाजूला येऊन उभी होती. दोन पोलीस खांबांना पिवळी पट्टी बांधत होते. आणि मधल्या बाकावर, टेकून बसवल्यासारखी, आमची पिशवी. पंच्याची गाठ वर आलेली, आत धातूचं काहीतरी चमकतंय, तोंडातून एक काळी वायर बाहेर लोंबतेय. ती लेकीच्या पॉवर बँकची. आणि पिशवीवर मोठ्या लाल अक्षरांत त्यांना न वाचता येणारं काहीतरी लिहिलेलं.

मला त्यांचं एका क्षणात पटलं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही ती पिशवी भयंकर वाटली असती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. निघून जावं. दोघींना घेऊन मागच्या गल्लीतून टॅक्सी करावी. मग लक्षात आलं की पासपोर्ट आत आहेत, दोघींचे, म्हणजे परतीच्या विमानातही बसता येणार नाही. आणि पिशवी त्यांनी उघडलीच, तर नाव, फोटो, पत्ता, सगळं त्यात होतं. पळून गेलेल्या बाईची पिशवी ठरली असती ती. म्हणजे पुढे जाऊन, ही पिशवी माझी आहे, एवढं सांगणं हाच एक मार्ग होता. चार शब्द. ऑफिसात मी वीस जणांसमोर तासभर इंग्रजीत बोलते. पण ते चार शब्द बोलले की पुढचा प्रश्न येणार, तुम्ही कोण, आणि त्याचं उत्तर त्या बाकावर, त्या वायरीखाली. मुदत संपलेलं. शेजारी कुणीतरी म्हणालं की हुंगणारं कुत्रं मागवलंय. माझे पाय हलेनात. खरंच हलेनात, हे मी बोलण्यापुरतं म्हणत नाही.

सासूबाईंना एव्हाना सगळं कळलं होतं. "माझी पिशवी हाय, मी आणते," म्हणत त्या पुढे निघाल्या. मी त्यांचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या माझ्याच तळव्यात रुतल्या. पट्टी ओलांडून, इंग्रजीचा एक शब्द न येणारी, शाल पांघरलेली बाई त्या पिशवीकडे चालत गेली असती, तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

लेक माझ्याकडे बघत होती. पोलिसांकडे नाही, पिशवीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. तिथे तिला काय दिसलं ते मला ठाऊक नाही, पण तिनं कॅमेरा गळ्यातून काढून आजीच्या गळ्यात घातला.

"मम्मा, तू इथेच थांब. मी जाते. आय वॉज बॉर्न हिअर."

मी नको म्हणाले. म्हणजे म्हणाले असं मला आठवतं. मोठ्यानं नाही. आणि तिचा दंड धरायला माझा हात मोकळा नव्हता, त्यात सासूबाईंचं मनगट होतं. दुसरा हात मोकळा होता.

ती धावली नाही. हळू चालत गेली, पट्टीच्या बरीच अलीकडे थांबली, आणि दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे उघडे असे धरून तिनं हाक मारली. एक पोलीस वळला. असे हात धरायचे हे तिला कुणी शिकवलं? मग आठवलं, शाळेत कवायत होते, गोळीबार झाला तर वर्गातून बाहेर कसं यायचं त्याची. बालवाडीपासून. ती घरी येऊन सांगायची आणि मी पोळ्या लाटता लाटता हं हं करायचे.

काय बोलणं झालं ते मला ऐकू येत नव्हतं. तिनं नंतर सांगितलं. त्यानं विचारलं पिशवीत काय आहे, तर तिनं दशम्यांना ब्रेड म्हटलं आणि चटणीला स्पाइस. वायर कसली, तर तिचा चार्जर. पिशवी एकटी का ठेवली, तर आजीनं जागा धरली होती. हे त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्यानं विचारलं, वर काय लिहिलंय. माझी लेक मराठी अक्षर अक्षर जोडून वाचते, तेही आजीनं उन्हाळ्यात बसवून शिकवलं म्हणून. तिनं लांबून, डोळे बारीक करून, त्या पोलिसाला दुकानाचं नाव वाचून दाखवलं, आणि खालची ओळसुद्धा, की लग्नाचा बस्ता वाजवी दरात मिळेल.

दुसऱ्या पोलिसानं पिशवी उघडली. पंचा सोडला, डब्याचं झाकण काढलं, वास आला असावा, कारण तो मागे झाला. मग त्यानं फोल्डर बाहेर काढलं.

तो पासपोर्टाची पानं उलटत होता तेवढा वेळ मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. माझी पंधरा वर्षं त्या अंगठ्याखाली होती, घर, नोकरी, पोरीची शाळा, सगळं. त्यानं लेकीला काही विचारलं आणि तिनं आमच्याकडे बोट दाखवलं. त्यानं हातानं या म्हटलं. तेव्हा मात्र पाय हलले.

त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं. फोटोत माझे केस लांब आहेत. मॅडम, सामान असं सोडून जाऊ नका, लोक घाबरतात, म्हणाला. मी पाच-सहा वेळा सॉरी म्हणाले. सासूबाई मराठीतून सांगत होत्या की चूक त्यांची आहे, सुनेची नाही, आणि लेक ते भाषांतर करत होती. त्यानं पासपोर्ट फोल्डरमध्ये घातले, वर पावतीचा कागद सरळ केला, आणि फोल्डर माझ्या हातात दिलं. तो कागद त्यानं वाचला की नुसता सरळ केला, मला अजून माहीत नाही. दिवस चांगला जावो म्हणाला. कुत्र्याची गाडी तेव्हाच कोपऱ्यावर वळत होती, ती तशीच पुढे गेली.

पट्टी सुटली, माणसं परत मांडवात आली. आमच्या बाकावर एक जोडपं येऊन बसलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही रस्ता ओलांडून खाडीच्या कठड्यावर जाऊन बसलो. नवऱ्याचा साडेबाराचा फोन वाजला, मी घेतला नाही. मला रागवायचं होतं. सासूबाईंवर, त्यांच्या जागांवर, नवऱ्याच्या ओरिजिनलवर, आणि शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, आणि इतक्या लहान दिसत होत्या की माझ्यानं बोलवेना. शिवाय फोल्डर त्या पिशवीत ठेवलं होतं मी.

त्यांनी डबा उघडून लेकीच्या हातात दशमी दिली. तिला ती मोडता येईना. पोलिसासमोर ती स्थिर होती, आता थरथरत होती. सासूबाईंनी दशमी परत घेतली, घास मोडला, चटणी लावली आणि तिच्या तोंडात घातला. पंधरा वर्षांची पोर, चार माणसांत असं भरवून घ्यायला ती एरवी मेली तरी तयार झाली नसती. तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं.

तीनचार घास गेल्यावर तिनं मला विचारलं, "मी बरोबर केलं ना, मम्मा?"

घाबरलीस का, असं मी उलट विचारलं. ती म्हणाली, हो, पण तू जास्त घाबरली होतीस. त्यात तक्रार नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं तिनं.

अर्जाची मंजुरी पुढे मे महिन्यात आली. नवऱ्यानं पेढे आणले. पण त्या कठड्यावर ते काही मला माहीत नव्हतं. तिथे मला एवढंच दिसत होतं की माझी मुलगी एकटी आत गेली होती, हात फाकून, मोठ्या माणसांसमोर, आम्ही चढेपर्यंत आमची जागा धरायला, आणि तिला खिडकीतून मीच ढकललं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता येईना.